आईवडील हयात आणि शुद्धीत असतानाच मालमत्तेची कागदपत्रं कशी लावून घ्यायची: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आईवडील सत्तरीच्या आसपास आले की घराघरात एक विषय टाळला जातो, तो म्हणजे "नंतर काय". बोलायला अवघड वाटतं, मुलांना वाटतं आपण विचारलं तर लोभी ठरू, आईबाबांना वाटतं आत्ता कशाला अभद्र. आणि मग एक दिवस हॉस्पिटलच्या बिलासाठी एफडी मोडायची वेळ येते तेव्हा कळतं की ती एकट्या बाबांच्या नावावर आहे, बाबा आयसीयूत आहेत आणि सही करायला कोणीच नाही. हा लेख अशा लोकांसाठी आहे ज्यांनी यातलं काहीच अजून केलेलं नाही. मी वकिली सल्ला देत नाहीये, शेवटी प्रत्येक घराचं वेगळं असतं, पण वकिलाकडे जाताना नेमकं काय विचारायचं हे तरी माहीत असलं पाहिजे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः महाराष्ट्रातल्या हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना लागू आहे, ज्यांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागतो. मुस्लिम कुटुंबात साधारणपणे वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशपेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. ख्रिश्चन आणि पारशी लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. गोव्यात तर अगदीच वेगळं, तिथे सगळ्या धर्मांना पोर्तुगीज काळापासून आलेला समान कायदा आहे, नवराबायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात आणि मुलांचा ठराविक वाटा आईवडिलांना मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. त्यामुळे पणजीत घर असेल तर तिथलाच वकील गाठा.

पहिलं काम: यादी

एक वही घ्या आणि आईबाबांच्या शेजारी बसून लिहा. घर, जमीन, बँक खाती, पोस्टातली खाती, एफडी, एलआयसी, म्युच्युअल फंड, शेअर्सचं डीमॅट, पीएफ, लॉकर, सोनं, कोणाला उसने दिलेले पैसे, आणि कर्जं सुद्धा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहायच्या: नाव कोणाचं, नॉमिनी कोण, कागद कुठे ठेवलाय. घराच्या बाबतीत खरेदीखत आणि त्याचा इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गावच्या जमिनीचा ताजा सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा), शहरात स्वतःची जागा असेल तर प्रॉपर्टी कार्ड. बऱ्याचदा इथेच पहिला धक्का बसतो, सातबारावर अजून आजोबांचंच नाव असतं, किंवा फ्लॅट आईबाबा दोघांच्या नावावर आहे असं सगळे समजत होते आणि करारात फक्त बाबा असतात. जे निघेल ते आत्ता निघालेलं बरं, कारण आत्ता विचारायला माणसं समोर आहेत.

जुनी विसरलेली खाती असू शकतात. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या खात्यातले पैसे बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात, पण ते बुडत नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नावाने शोधता येतात आणि त्याच बँकेकडे मागता येतात.

नॉमिनी लावा, पण नॉमिनी म्हणजे मालक नाही

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की भाऊभाऊ त्यावरून कोर्टात जातात. बँकेत मोठ्या मुलाचं नाव नॉमिनी म्हणून टाकलं म्हणजे ते पैसे त्याचे झाले असं नाही. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा माणूस, बँकेची जबाबदारी त्याला पैसे दिले की संपते, पण त्याने ते कायदेशीर वारसांना द्यायचे असतात. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात हेच सांगितलं. आयुर्विम्यात थोडा फरक आहे, २०१५ च्या दुरुस्तीनंतर नवरा, बायको, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर ते पैसे त्यांच्या हक्काचे धरले जातात, अर्थात त्यावरही वाद होतात म्हणून मृत्युपत्रात पॉलिसीचा उल्लेख करून टाकावा.

सोसायटीतल्या फ्लॅटचंही तसंच. सभासद गेला की नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते आणि खरे वारस ठरेपर्यंत तो त्या जागेचा विश्वस्त असतो. तरीही नॉमिनेशन करायचंच, कारण ते नसेल तर सोसायटीत ट्रान्सफरला जाहीर नोटीस, क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे कोणी दावा केला तर नुकसान भरून देण्याची हमी) असं सगळं मागे लागतं. फॉर्म तीन प्रतीत भरायचा, कमिटीने नोंद केली की सही-शिक्क्याची एक प्रत परत मागून फाईलला लावायची. ही प्रत बरेच जण घेतच नाहीत आणि वीस वर्षांनी कमिटी बदललेली असते, रजिस्टर सापडत नाही.

बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक. लॉकरला मात्र एकामागून एक असंच चालतं. आणि हो, आईबाबांचं जॉइंट खातं असेल तर ते "आयदर ऑर सर्व्हायव्हर", म्हणजे दोघांपैकी कोणा एकाच्या सहीवर चालणारं, आहे ना हे बघा. "जॉइंटली" असेल तर दोघांच्या सह्या लागतात आणि एक जण आजारी पडला की दुसऱ्यालाही पैसे मिळत नाहीत. हा बदल बँकेत एका अर्जावर होतो, पण त्यासाठी दोघांचीही सही लागते, म्हणून आत्ताच.

मृत्युपत्र

मृत्युपत्र नसेल तर कायदा ठरवतो. वडील गेले तर त्यांची स्वतःची मालमत्ता बायको, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर ती, या सगळ्यांना सारखी जाते. लग्न झालेल्या मुलीलाही तेवढीच. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत तर मुलीला जन्मानेच मुलाएवढा हक्क आहे, २००५ च्या दुरुस्तीने तो दिला आणि २०२० मध्ये विनीता शर्मा निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असणं गरजेचं नाही. घरात एखादं मूल अपंग असेल, एकाच मुलीने आईवडिलांना सांभाळलं असेल, एकाला आधीच धंद्याला पैसे दिले असतील, तर सारखी वाटणी ही न्याय्य वाटणी असतेच असं नाही, आणि ते फक्त मृत्युपत्रानेच दुरुस्त होतं.

बायकांच्या मृत्युपत्राबद्दल वेगळं सांगतो कारण आपल्याकडे आईने मृत्युपत्र करायचं असतं हेच कोणाच्या डोक्यात नसतं. मूल नसलेली विधवा बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिने स्वतःच्या नोकरीतून घेतलेलं घरसुद्धा नवऱ्याच्या वारसांकडे जातं, म्हणजे दीर-नणंदांकडे किंवा त्यांच्या मुलांकडे, तिचे स्वतःचे आईवडील हयात असले तरी. फक्त आईवडिलांकडून वारसाने मिळालेलं तेवढं माहेरच्या बाजूला परत जातं. म्हणून तुमची मावशी, आत्या, एकटी राहणारी काकू कोणी असेल तर तिला हा परिच्छेद वाचून दाखवा.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कोऱ्या कागदावर, हाताने किंवा टाईप करून, मराठीत लिहिलेलं चालतं. करणाऱ्याने सही करायची, सही येत नसेल तर अंगठा, आणि कमीत कमी दोन साक्षीदारांनी ती सही होताना बघून करणाऱ्याच्या समोर स्वतः सही करायची. साक्षीदारांना आतला मजकूर माहीत असायची गरज नाही. ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, त्यांच्या नवऱ्याला-बायकोलाही नको. साक्षीदार वयाने आईबाबांपेक्षा लहान आणि शोधता येतील असे घ्या, कारण पुढे वाद झाला तर निदान एका साक्षीदाराने कोर्टात येऊन सांगावं लागतं. एक साक्षीदार फॅमिली डॉक्टर असेल तर सगळ्यात उत्तम. वय पंचाहत्तरच्या पुढे असेल तर त्याच तारखेचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट घ्या, की माणूस शुद्धीत आहे आणि त्याला समजतंय. मृत्युपत्राला आव्हान देताना बहुतेक वेळा हेच म्हटलं जातं, "त्यांना कळतच नव्हतं" किंवा "मुलाने दबाव टाकला". म्हणूनच ज्याला जास्त मिळणार आहे त्या मुलाने लिहिताना आणि सही होताना त्या खोलीत थांबू नये, वकीलही त्याने आणलेला नसावा.

मजकुरात काय असावं? मी शुद्धीत आहे, कोणाच्या दबावाखाली नाही, याआधीची सगळी मृत्युपत्रं रद्द. मग कुटुंबातली सगळी माणसं नावानिशी, ज्यांना काही देणार नाही ती सुद्धा, आणि का देत नाही याचं एक साधं वाक्य, नाहीतर तो मुलगा म्हणतो बाबा मला विसरले, म्हणजे त्यांची स्मृती गेली होती. मग मालमत्ता गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर, फ्लॅट नंबर, खाते नंबर देऊन. ज्याला द्यायचं तो आधीच गेला तर त्याचा वाटा कोणाला हे लिहा. शेवटी "यात लिहायचं राहिलेलं आणि पुढे मिळेल ते सगळं" कोणाला हे एक कलम हवंच, ते नसलं की नंतर घेतलेल्या एफडीवरून परत सगळं पहिल्यापासून. आणि एक व्यवस्थापक नेमा, ज्याला एक्झिक्युटर म्हणतात, जो हे सगळं अमलात आणेल.

नोंदणी सक्तीची नाही, पण माझं मत विचाराल तर करा. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात फी नाममात्र आहे, आधार, पॅन, फोटो, दोन साक्षीदार घेऊन जायचं, तिथे फोटो आणि अंगठ्याचा ठसा होतो. माणूस अंथरुणावर असेल तर अर्ज करून घरी बोलावता येतं. नोंदणी केली म्हणून मृत्युपत्र वादातून सुटतं असं नाही, पण खोटं किंवा हरवलं हा प्रश्न संपतो. शेवटचं मृत्युपत्र चालतं, नोंदवलेलं नसलं तरी, म्हणून बदल केला तर तोही नोंदवा आणि जुन्याच्या प्रती घरात फिरत ठेवू नका.

मुंबईत मृत्युपत्राला कोर्टातून प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचा दाखला, घ्यायची सक्ती पूर्वापार होती, त्या कायद्यात अलीकडे बदल झालेला आहे, त्यामुळे मुंबईत मालमत्ता असेल तर जुने लेख वाचून ठरवू नका, सध्याची स्थिती वकिलाकडून समजून घ्या.

अजून एक. बरेच बाबा लिहितात "माझ्यानंतर बायकोला हयात असेपर्यंत राहण्याचा हक्क, नंतर घर मुलांचं". वाचायला छान वाटतं, पण मग आईला ते घर विकता येत नाही, तिच्या उपचारांना पैसे लागले तर मुलांच्या तोंडाकडे बघायचं, आणि असल्या कलमांच्या अर्थावरून वर्षानुवर्षं केसेस चालतात. घर सरळ आईच्या नावाने करावं आणि आईने स्वतःचं वेगळं मृत्युपत्र करावं. दोघांचं मिळून एकच मृत्युपत्र करू नका.

घर मुलाच्या नावावर आत्ताच करायचं का?

नाही. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. हल्ली सगळीकडे ऐकू येतं की बक्षीसपत्र, म्हणजे हयातीतच मोबदला न घेता मालमत्ता देण्याचं खत, करा, महाराष्ट्रात राहतं घर आणि शेतजमीन मुलगा, मुलगी, नवरा, बायको, नातू, नात यांना द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. खरं आहे, महापालिका हद्दीत वरून अधिभार लागतो तो धरूनही ते स्वस्त पडतं. पण बक्षीसपत्र नोंदवलं की घर त्या क्षणी आईबाबांचं राहत नाही. मृत्युपत्र उद्या बदलता येतं, बक्षीसपत्र मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. मुलगा चांगला असेल, पण त्याचा धंदा बुडाला तर बँक त्या घरावर येते, त्याचा घटस्फोट झाला तर घराचा वाद त्यातही ओढला जातो, आणि तो आधी गेला तर घर त्याच्या वारसांचं होतं. त्याची आई त्या वारसांपैकी एक असते हे खरं, पण पूर्ण घरापासून एका हिश्श्यापर्यंत ती आलेली असते, आणि वडील तर पहिल्या वर्गाच्या वारसांत (ज्यांना सगळ्यात आधी वाटा मिळतो) येतच नाहीत. भारतात वारसा कर नाही, १९८५ मध्येच तो बंद झाला, म्हणजे हयातीत नावावर करून कर वाचतोय असंही काही नाही.

तरीही करायचंच असेल तर बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहा की घेणाऱ्याने देणाऱ्याचा सांभाळ, औषधपाणी, राहण्याची सोय करायची आहे या अटीवर हे दिलंय. ही ओळ फार मोलाची आहे. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ म्हणतं की अशा अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ केला नाही तर, रद्द करता येते. डिसेंबर २०२२ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने अट असणं गरजेचं आहे असं म्हटलं, जानेवारी २०२५ च्या उर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच कोर्टाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला आणि घर आईला परत मिळालं. पण अट कागदावर असली की वादाला जागाच राहत नाही.

आणि ज्यांनी आधीच देऊन टाकलंय, आता घरात हाल होतायत, त्यांच्यासाठी: याच कायद्याखाली उपविभागीय अधिकारी म्हणजे प्रांत ऑफिसात निर्वाह न्यायाधिकरण असतं, तिथे साध्या अर्जाने दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मागता येतो आणि मालमत्ता परत मिळवण्याचा अर्जही करता येतो. वकील लावलाच पाहिजे असं नाही. स्वतःला मूल नसेल तर ज्या नातेवाईकाला पुढे मालमत्ता मिळणार आहे त्याच्याकडूनही मागता येतं. ज्येष्ठाला सोडून देणं हा गुन्हा आहे. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत हेल्पलाईन नंबर आहे, शेजारच्यांनीही फोन केला तर चालतो, आणि शेजारच्यांनी तो करावा.

आजारपणासाठीचे कागद

कुलमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अटर्नी, उपयोगी आहे, पण दोन मर्यादा आहेत. माणूस गेला की ते संपतं, आणि माणसाची समज गेली, डिमेन्शिया वाढला किंवा तो कोमात गेला, तरीही कायद्याच्या दृष्टीने ते संपतं. नेमकं जेव्हा सगळ्यात जास्त लागतं तेव्हाच ते कामाला येत नाही. मग हायकोर्टात जाऊन पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते, ती मिळते, पण वेळ आणि पैसा दोन्ही जातं. म्हणून विसरभोळेपणाची पहिली लक्षणं दिसली की खाती जॉइंट करणं, मृत्युपत्र, नॉमिनी हे सगळं लगेच उरकून घ्या, डॉक्टरांच्या सर्टिफिकेटसकट.

दुसरा कागद म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र, ज्याला लिव्हिंग विल म्हणतात. बरं व्हायची आशा नसताना व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही हे माणसाने स्वतः आधीच लिहून ठेवायचं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. त्यात आपल्या वतीने निर्णय कोण घेईल त्यांची नावं टाकायची. पुढे हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांची दोन मंडळं बघून मगच निर्णय होतो, म्हणजे घरच्यांच्या एका सहीवर काही होत नाही, ही भीती आईबाबांच्या मनातून आधी काढा.

माणूस गेल्यानंतर

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे, हॉस्पिटलमध्ये गेले तर तेच कळवतात, घरी गेले तर तुम्ही. दाखल्याच्या भरपूर प्रती घ्या आणि नाव आधारप्रमाणे आहे ना बघा, एका अक्षराच्या फरकाने विमा अडकतो. पेन्शन असेल तर बँकेला लगेच कळवा, आणि गेलेल्या माणसाच्या एटीएमने पैसे काढू नका, सगळे काढतात पण पुढे तोच मुद्दा भावंडांच्या भांडणात निघतो. नॉमिनी असेल तर पूर्ण कागद दिल्यावर बँकेने १५ दिवसांत दावा निकाली काढायला हवा. नॉमिनीही नाही, मृत्युपत्रही नाही आणि रक्कम मोठी, तर दिवाणी कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारस असल्याचा दाखला, घ्यावं लागतं.

शेतजमिनीला वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत करायचा, ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या तलाठ्याकडे, किंवा ई-हक्कवर ऑनलाईन. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं शपथपत्र लागतं. बहिणींची नावं गाळू नका, ते खोटं शपथपत्र होतं आणि कधी ना कधी वर येतंच. नोटीस लागते, हरकत आली नाही की मंडल अधिकारी फेरफार (नाव बदलल्याची नोंद) मंजूर करतात. वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे, नावं फक्त एकत्र लागतात, वाटणी नंतर वेगळी.

आणि हक्कसोडपत्र, म्हणजे वारसाने आपला वाटा सोडल्याचा कागद. तेराव्याला घरात पाहुणे असतानाच बहिणीपुढे कागद ठेवायची जी पद्धत आहे ती मला मनापासून चुकीची वाटते. हक्कसोड नोंदवलं की परत फिरत नाही. बहिणीला सोडायचं असेल तर तिने सोडावं, तो तिचा मोठेपणा, पण दोन-चार महिने जाऊ द्या, तिला कागद घरी नेऊन वाचू द्या, तिच्या वकिलाला दाखवू द्या. आणि हक्क सोडला तरी माहेरच्या सातबारावरून नाव कमी होतंय हे तिला स्पष्ट शब्दात सांगा.

मुलं परदेशात असतील तर हक्कसोड किंवा बाकीच्या सह्यांसाठी त्यांना यावंच लागतं असं नाही. तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं, किंवा नोटरी करून अपोस्टिल केलेलं (तिथल्या सरकारचा खरेपणाचा शिक्का घेतलेलं) कुलमुखत्यारपत्र पाठवता येतं, फक्त ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं, ही मुदत चुकली की दंड लागतो. त्यात नेमकी कोणती मालमत्ता आणि नेमकं कोणतं काम हे लिहा, सरसकट सगळे अधिकार देऊ नका. परदेशी राहणाऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने मिळू शकते, त्यामुळे अमेरिकेतल्या मुलाचं नाव सातबारावर लागतच नाही असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही.

शेवटचं राहतं ते गेलेल्या माणसाचं इन्कम टॅक्स रिटर्न, त्या वर्षी मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचं. ते वारसाने पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून भरायचं, रिफंड असेल तर तोही तिथूनच मिळतो, आणि तोपर्यंत पॅन बंद करायचा अर्ज देऊ नका.